'बहुधा'चे कथानक : 'आयोवा' स्फोटाच्या चौकशीची कथनमीमांसा

एखाद्या चौकशी-अहवालाकडे साहित्यसमीक्षेने का वळावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी रास्त वाटतो. अहवालाचे गद्य हे ललितेतर गद्य. त्याची परीक्षा सत्यासत्यतेच्या कसोटीवर व्हावी, रूपाच्या कसोटीवर नव्हे, अशी रूढ समजूत आहे. परंतु ज्या अहवालाजवळ घटिताचा प्रत्यक्ष पुरावा जवळजवळ नसतो आणि तरीही ज्याला निष्कर्षापर्यंत जावेच लागते, तो अहवाल ही पोकळी कशाने भरून काढतो? अमेरिकेच्या 'आयोवा' या युद्धनौकेवर १९८९ मध्ये झालेल्या स्फोटाची चौकशी या दृष्टीने वाचली, तर उत्तर स्पष्ट मिळते. ती पोकळी कथानकाने भरली गेली आणि त्या कथानकाला ज्या पात्राची गरज होती, ते पात्र एका मृत खलाशाच्या रूपाने सापडले.

घटना थोडक्यात अशी. १९ एप्रिल १९८९ रोजी सकाळी, पोर्तो रिकोच्या ईशान्येस खुल्या समुद्रात तोफांचा सराव चालू असताना, 'आयोवा'च्या दुसऱ्या तोफबुरुजातील मधल्या सोळा इंची तोफेत दारू भरली जात होती. तोफेचा मागचा दरवाजा बंद होण्यापूर्वीच दारूने पेट घेतला. आगीचा लोळ संपूर्ण बुरुजात पसरला आणि ४७ जण मृत्युमुखी पडले. बुरुजाच्या तळाशी दारूखान्यात काम करणारे मोजके खलाशी तेवढे वाचले. त्या तोफेजवळ काय घडले हे पाहणारा एकही माणूस जिवंत राहिला नाही. स्फोटाच्या काही क्षण आधी, मधल्या तोफेवर काहीतरी अडचण आली आहे अशा अर्थाचे शब्द बुरुजातील दूरध्वनीवर ऐकू आले होते. प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणावी अशी सामग्री जवळपास एवढीच.

रिअर ॲडमिरल रिचर्ड मिलिगन यांनी चौकशी केली. ७ सप्टेंबर १९८९ रोजी नौदलाने अहवाल प्रसिद्ध केला. मधल्या तोफेचा प्रमुख क्लेटन हार्टविग याने हेतुपुरस्सर केलेल्या कृत्यामुळे हा स्फोट 'बहुधा' झाला, असे त्यात म्हटले होते. मार्च १९९० मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेवा समितीने आपला स्वतंत्र अहवाल काढला. त्याच्या शीर्षकातच या प्रकरणाला चौकशीचे अपयश म्हटले होते. पुढे सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी अपघाताची शक्यता मांडली, नौदलाला चौकशी पुन्हा उघडावी लागली आणि १७ ऑक्टोबर १९९१ रोजी नौदलप्रमुख ॲडमिरल फ्रँक केल्सो यांनी हार्टविगच्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली. अडीच वर्षांच्या अवधीत एकाच घटितावर अनेक संहिता रचल्या गेल्या. प्रस्तुत विवेचनाचा विषय तो स्फोट नसून या संहिता आहेत.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांचा विचार करताना एक मूलगामी भेद दाखविला होता. रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. पहिली घडून गेलेली, पण अनुपस्थित. दुसरी उपस्थित, पण स्वतः विशेष महत्त्व नसलेली. दुसरीने पहिलीला वाचकासमोर आणायचे असते. मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांपासून या रचनेचा सराव आहे. मात्र या रचनेत एक गृहीतक दडलेले असते, आणि ते सरावामुळेच लक्षात येत नाही : शोधाची कथा सुरू झाली की मागे गुन्ह्याची कथा असलीच पाहिजे. अपघाताच्या चौकशीत नेमके हेच गृहीत धरता येत नाही. मागे गुन्हा असेल किंवा नुसतेच घटित असेल. कर्ता असेल किंवा केवळ कारण असेल. 'आयोवा'च्या चौकशीने अपघाताचा शोध म्हणून सुरुवात केली आणि मध्येच, फारसा गाजावाजा न करता, आपला साहित्यप्रकार बदलला.

हा बदल कोठे झाला ते निश्चितपणे दाखविता येते, आणि ते स्थळ विलक्षण उपरोधपूर्ण आहे. हार्टविगच्या विम्याच्या रकमेचा वारस म्हणून त्याच्या जहाजावरील एका मित्राचे नाव लावलेले होते. ती रक्कम आईवडिलांना मिळावी यासाठी मदत करावी, अशी विनंती करणारे पत्र हार्टविगच्या बहिणीने अधिकाऱ्यांना लिहिले. पत्राचा हेतू कौटुंबिक होता. परंतु ज्या वाचकांच्या हाती ते पडले, ते तोवर एका कारणाच्या शोधात होते, आणि त्यांना त्या पत्रात हेतू सापडला. विमा, मित्र, बिनसलेली मैत्री : एवढ्या तीन शब्दांवर एक कथानक उभे राहिले. नौदलाच्या गुप्तचर शाखेचा तपास आता बुरुजाऐवजी एका माणसाच्या खाजगी आयुष्याकडे वळला. दोघा मित्रांच्या संबंधाविषयीचे आडाखे वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर झिरपले. जिवंत असलेल्या मित्राने त्यांचा जाहीर इन्कार केला. मृत माणसाला तीही सोय नव्हती.

याउलट घटितस्थळाची अवस्था पाहावी. जहाज बंदराला लागण्यापूर्वीच जळलेल्या बुरुजाची साफसफाई झाली होती आणि पुष्कळसा मोडतोडीचा भाग समुद्रात टाकला गेला होता. वस्तूंची साक्ष अशा रीतीने विरळ झाली, आणि माणसाची 'साक्ष' मात्र पत्रे, आठवणी, ओळखीपाळखीच्यांची मते यांतून दाट होत गेली. दोन प्रकारच्या पुराव्यांतील हे असंतुलन अहवालाच्या रूपावर परिणाम करणारे होते. ज्याविषयी अधिक मजकूर उपलब्ध, तोच कथनाचा नायक होतो. चरित्रात्मक समीक्षेतही हे सदैव घडते. ज्या कवीची पत्रे जपली गेली, त्याच्या कवितेचे 'मूळ' त्याच्या आयुष्यात अधिक सहजतेने सापडते, हे आपल्याकडील अनेक प्रबंधांवरून दिसून येईल.

या चौकशीतील सर्वांत साहित्यिक दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेतील, म्हणजे एफबीआयमधील, वर्तनतज्ज्ञांनी केलेले हार्टविगचे मनोविश्लेषण. संदिग्ध मृत्यूचे विश्लेषण, अशा अर्थाचे एक तांत्रिक नाव त्या पद्धतीला होते. विश्लेषकांनी संबंधितांच्या मुलाखती स्वतः घेतल्या नाहीत. नौदलाच्या गुप्तचर शाखेने पुरविलेल्या सामग्रीवरच ते विसंबले. म्हणजे एका संहितेवरून दुसरी संहिता तयार झाली, आणि दुसरीने पहिलीतील संशयाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. त्या सामग्रीला आधार देणाऱ्या विधानांपैकी एक विधान जहाजावरील एका तरुण खलाशाकडून तासन् तास उलटतपासणी करून मिळविलेले होते, आणि त्याने ते काही दिवसांतच मागे घेतले. विश्लेषकांचा निष्कर्ष असा की, हार्टविगने स्वतःच्या कृतीने मृत्यू ओढवून घेतला आणि तो अपघात वाटावा अशी रचना केली. या निष्कर्षाची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. कृत्य अपघातासारखे दिसावे हाच जर कर्त्याचा हेतू होता असे मानले, तर अपघाताकडे बोट दाखविणारी प्रत्येक खूण ही त्याच्या कौशल्याची खूण ठरते. पुराव्याचा अभाव हाच पुरावा होतो. अर्थनिर्णयनाच्या वर्तुळाविषयी हर्मेन्यूटिक्समध्ये बरीच चर्चा झाली आहे. अंशावरून समग्र आणि समग्रावरून अंश समजून घ्यावा लागतो, हे खरे. परंतु त्या वर्तुळात अंशाला समग्राविरुद्ध उभे राहण्याची मुभा असावी लागते. येथे ती मुभाच काढून घेतली होती. प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या विनंतीवरून अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांपैकी बहुसंख्यांनी हे विश्लेषण अग्राह्य ठरविले, याचे आश्चर्य वाटू नये.

रोलाँ बार्थच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातील दोमिनिसी खटल्यावरील लेखाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रोव्हान्समधील एका वृद्ध शेतकऱ्याला १९५४ मध्ये तिघांच्या हत्येबद्दल दोषी ठरविले गेले. खटल्याचा आधार प्रामुख्याने मानसशास्त्रीय होता. बार्थचा आक्षेप असा की, न्यायालयाने ज्या 'मानसशास्त्रा'ने आरोपीचे मन वाचले, ते बूर्झ्वा कादंबरीतून आलेले होते. साहित्याच्या संकेतांनी एका माणसाला दोषी ठरविले. बार्थचे विवेचन भाषेवर केंद्रित आहे : आरोपीची बोली आणि न्यायालयाची भाषा यांच्यात पूल नव्हता. हार्टविगच्या बाबतीत परिस्थिती एका पायरीने अधिक टोकाची आहे. दोमिनिसीची भाषा न्यायालयाला कळत नव्हती. हार्टविगजवळ भाषाच उरली नव्हती. तो चोवीस वर्षांचा, फारसा न मिसळणारा तरुण होता एवढ्यावरून त्याचे व्यक्तिचित्र रेखाटले गेले. एकलकोंडा, दुखावलेला, सूड घेणारा : हा नमुना वास्तवातून आलेला नसून लोकप्रिय कादंबरी आणि चित्रपट यांच्या साठ्यातून आलेला आहे. अहवाल त्याला एका व्यक्तीचे नाव देतो, इतकेच.

तर्कपद्धतीच्या अंगाने पाहता या अहवालाचे वर्णन करण्यास पाश्चात्त्य कथनमीमांसेपेक्षा भारतीय प्रमाणविचार अधिक उपयोगी पडतो. मीमांसकांनी 'अर्थापत्ती' हे स्वतंत्र प्रमाण मानले. तिचे ठरलेले उदाहरण सर्वपरिचित आहे : धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. जे दिसते ते अन्यथा उपपन्न होत नाही, म्हणून जे दिसत नाही ते कल्पावे लागते. नौदलाचे युक्तिवादसूत्र हेच होते. दारू स्थिर आहे, यंत्रे निर्दोष आहेत, अपघाताचे कोणतेही संभाव्य कारण टिकत नाही. तेव्हा कृत्य हेतुपुरस्सर असले पाहिजे. परंतु अर्थापत्तीचा सारा भार 'अन्यथा उपपन्न होत नाही' या अटीवर असतो. ही अट पूर्ण करण्यासाठी सर्व पर्याय तपासावे लागतात, आणि तपासणाऱ्याला ते पर्याय आधी सुचावे लागतात. देवदत्त रात्री जेवतो असे म्हणण्यापूर्वी, तो दिवसा खरोखरच जेवत नाही हे कोणी व किती काळ पाहिले, हे विचारणे प्राप्त आहे.

याच ठिकाणी अहवालाची आणखी एक विसंगती नजरेत भरते. आरंभी स्फोट विद्युत्-यंत्रणेच्या साहाय्याने घडवून आणला गेला असावा असे मानले जात होते. प्रयोगशाळेच्या तपासणीत त्याला आधार मिळाला नाही, तेव्हा त्याची जागा रासायनिक साधनाने घेतली : ब्रेकचे तेल, क्लोरीनयुक्त जंतुनाशक आणि पोलादी लोकर. साधन बदलले, कर्ता, हेतू आणि कृत्य मात्र तसेच राहिले. शास्त्रीय परिकल्पनेत साधन खोटे ठरले तर संपूर्ण परिकल्पना पुन्हा तपासावी लागते. कथानकात तशी गरज नसते. तेथे पात्र आणि हेतू हे केंद्र असते, आणि शस्त्र बदलता येते. कादंबरीच्या पुढच्या खर्ड्यात लेखक विषाच्या जागी सुरी योजतो, तसे.

सँडियाच्या शास्त्रज्ञांची संहिता याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. रिचर्ड श्वोबेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मधल्या तोफेतील अवशेषांचा अभ्यास केला. दारूच्या पाच पिशव्या ठासणीच्या दांड्याने नेमक्या जागेपेक्षा सुमारे दोन फूट पुढे, थेट गोळ्याच्या बुडापर्यंत ढकलल्या गेल्या होत्या, असे त्यांना आढळले. जे पदार्थ नौदलाला स्फोटक साधनाचे अवशेष वाटले, ते तोफबुरुजाच्या नेहमीच्या वापरातून आणि समुद्राच्या पाण्यातूनही येऊ शकतात, असे त्यांनी दाखविले. प्रत्येक पिशवीच्या एका टोकाशी दारूच्या आडव्या वड्यांचा एक थर असतो. त्या थरात वड्यांची संख्या कमी असेल आणि ठासणी जोराने झाली, तर वड्या फुटून ठिणग्या उडण्याचा संभव वाढतो, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसू लागले. मे १९९० मध्ये व्हर्जिनियातील डाल्ग्रेन येथे नौदलाने स्वतः केलेल्या पतन-चाचण्यांत सतरा वेळा काहीही झाले नाही. अठराव्या वेळी दारू पेटली. त्यानंतर सोळा इंची तोफा डागण्यास बंदी घातली गेली व चौकशी पुन्हा सुरू झाली.

या संहितेत कर्ता नाही. दांडा पुढे गेला, वड्या फुटल्या, ठिणगी उडाली : सर्व क्रियापदे अकर्मक. दांडा इतका पुढे का गेला, चालविणाऱ्याच्या हातून की यंत्राच्या दोषाने, याविषयी ती संहिता निर्णय देत नाही. प्रमाणही संख्येचे आहे, स्वभावाचे नाही. किती वड्या, किती वेग, किती वेळा. अशी संहिता वाचकाला समाधान देत नाही हे मान्य करावे लागेल. ४७ मृत्यूंच्या बाजूला काही वड्यांची कमतरता ठेवणे ही औचित्याच्या दृष्टीने जणू विसंगतीच वाटते. कार्य जेवढे मोठे, कारणही तेवढे मोठे असावे, ही अपेक्षा शोकात्मिकेने वाचकाच्या मनात रुजविलेली आहे. सूडाचे कथानक ती अपेक्षा पूर्ण करते. वड्यांचे गणित करीत नाही. अहवालाची मोहिनी येथे होती, आणि त्याचा अन्यायही येथेच आहे.

ॲरिस्टॉटलने काव्यासाठी एक सवलत दिली होती : पटण्याजोगे अशक्य हे न पटणाऱ्या शक्यापेक्षा बरे. ही सवलत काव्यापुरती आहे, कारण काव्य काय घडू शकेल ते सांगते, इतिहास काय घडले ते. मिलिगन-अहवालातील 'बहुधा' हा शब्द या सीमारेषेवर उभा आहे. वरकरणी तो विनय आहे, निष्कर्षाला घातलेली मर्यादा आहे. प्रत्यक्षात तो काव्यातील संभवनीयतेला इतिहासाच्या पीठावर बसवितो. अठराव्या पतनाची शक्यता न पटणारी, पण शक्य. एकाकी खलाशाचा सूड पटणारा, पण त्याला आधार नाही. नौदलाने पटणाऱ्याची निवड केली.

हर्मन मेलव्हिलच्या 'बिली बड' या कादंबरिकेशी या प्रकरणाची तुलना स्वाभाविकपणे सुचते. मेलव्हिलच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. युद्धनौकेवरील खलाशाची चौकशी आणि फाशी झाल्यानंतर मेलव्हिल शेवटी एका नौदलविषयक साप्ताहिकातील वृत्तान्त देतो. त्यात निष्पाप बिली हा दुष्ट कटवाला ठरतो आणि त्याचा छळ करणारा क्लॅगर्ट सज्जन. छापील दस्तऐवज म्हणून मागे तोच वृत्तान्त राहतो. वाचकाला मात्र सत्य ठाऊक असते, कारण निवेदकाने ते आधीच दाखविलेले असते. त्या वृत्तान्तातील उपरोध या जाणिवेवर उभा आहे. 'आयोवा'च्या बाबतीत असा सर्वज्ञ निवेदक नाही. म्हणून येथे उपरोध शक्य नाही, केवळ प्रतिवाद शक्य आहे. हा फरक लक्षात न घेता अनेकांनी पहिल्या कथानकाच्या जागी दुसरे कथानक ठेवले. चार्ल्स टॉम्प्सन यांचे १९९९ मधील पुस्तक आणि त्यावर आधारलेला २००१ मधील दूरचित्रवाणी चित्रपट यांनी जहाजावरील ढिसाळ व्यवस्था, दारूच्या मात्रेचे अनधिकृत प्रयोग आणि वरिष्ठांची लपवाछपवी यांवर प्रकाश टाकला. ते आवश्यक होते. तरीही त्या रचनेतही खलनायकाची जागा रिकामी राहिलेली नाही. फक्त तिच्यात बसविलेली माणसे बदलली आहेत. श्वोबेल यांचे त्याच वर्षीचे पुस्तक तुलनेने रूक्ष आहे, आणि ते रूक्ष आहे म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटते.

शेवटी केल्सो यांचे १९९१ मधील निवेदन. त्याचे वाचन सामान्यतः क्षमायाचना म्हणून केले जाते, आणि ती त्यात आहेच. पण ते संपूर्ण वाचल्यास त्यातील दोन स्वर वेगळे ऐकू येतात. स्फोटाच्या कारणाचा स्पष्ट आणि खात्रीशीर पुरावा नाही, असे ते सांगते. हेतुपुरस्सर कृत्याचा निष्कर्ष ते अमान्य करते. परंतु पहिली चौकशी प्रामाणिक होती आणि अपघाताचे संभाव्य कारण सिद्ध होत नाही या मताला अद्याप शास्त्रीय आधार आहे, असेही ते म्हणते. म्हणजे हार्टविग निर्दोष आहे असे विधान त्यात नाही. त्याला दोषी म्हणता येत नाही, एवढेच आहे. कुटुंबाच्या दृष्टीने या दोहोंतील अंतर किती मोठे, हे सांगायला नको. ४७ मृतांपैकी ४६ जणांच्या मृत्यूला कारण हवे होते. सत्तेचाळिसाव्याच्या बाबतीत मात्र कारणाआधी त्याचे नाव परत हवे होते.

तरीही त्या निवेदनातील एक वाक्य समीक्षकाने थांबून वाचावे असे आहे. यापुढे स्पष्ट व खात्रीशीर पुराव्यावाचून एखादी मृत व्यक्ती स्वतःच्या किंवा इतरांच्या मृत्यूस जबाबदार आहे असे नौदल 'सूचित' करणार नाही, असे अभिवचन त्यात दिलेले आहे. शब्द 'म्हणणार नाही' असा नाही, 'सूचित करणार नाही' असा आहे. मूळ अहवालाच्या अपराधाचे इतके अचूक वर्णन त्याच्या कडव्या टीकाकारांनीही केले नव्हते. त्या अहवालाची अभिधा 'बहुधा' एवढेच म्हणत होती. विमा, मैत्री आणि एकाकीपणा यांच्या मांडणीतून निघणारी व्यंजना मात्र निःसंदिग्ध होती, आणि वृत्तपत्रांनी, दूरचित्रवाणीने व जहाजावरील त्याच्या सोबत्यांनी वाचली ती व्यंजनाच. अभिधेचा प्रतिवाद करता येतो, तिला पुरावा मागता येतो. ध्वनीला पुरावा मागायचा कोणी आणि कोठे, हा प्रश्न आनंदवर्धनासमोर नव्हता, कारण त्याच्यासमोर काव्य होते. याच निवेदनाच्या वेळी केल्सो यांनी, अशा घटनांची चौकशी यापुढे एकाच अधिकाऱ्याच्या अनौपचारिक मंडळाकडे सोपवू नये, असाही आदेश दिला.